पहाटे चार वाजता वाटी का पडते

पहाटेचे चार वाजून दहा मिनिटं. स्वयंपाकघराच्या ओट्यावर पालथी घातलेली स्टीलची वाटी. आमची मांजरी चिंगी ती पंजानं इंचभर सरकवते, थांबते, कान मागे वळवून खोलीतला कानोसा घेते. कुणी हललं नाही की आणखी इंचभर. मग ओट्याची कड. मग फरशीवर खणकन पडून गोल गोल फिरत राहणारा, लवकर न विरणारा तो आवाज. तोवर घरातली आम्ही तिघंही जागी झालेली असायचो.

दोन वर्षांपूर्वी हे रोज चालायचं. वाटीनं भागलं नाही तर ती उशाशी यायची, नखं आत घेतलेल्या मऊ पंजानं माझ्या पापणीवर टकटक करायची, आणि तरीही मी उठले नाही तर केस चावायची. मला सकाळी सव्वासातची लोकल पकडायची असते. झोपेचं पार खोबरं झालं होतं. त्या दिवसांत एका नातेवाइकांनी सुचवलं, "मासळी बाजारात सोडून या, तिथं तिचं पोट भरेल." हा सल्ला आपल्याकडे फार सहज दिला जातो, आणि तो ऐकला की माझ्या पोटात तुटतं. चार भिंतींत वाढलेल्या मांजराला बाजारातल्या बोक्यांच्या हद्दी कळत नाहीत, कुत्र्यांपासून पळायच्या वाटा ठाऊक नसतात, गाड्यांचा अंदाज नसतो. त्याला तिथं सोडणं म्हणजे मरायला सोडणं. रात्रीच्या या गोंधळावर उपाय आहे, आमच्याकडे तो तीन आठवड्यांत लागू पडला, आणि त्यासाठी मांजर असं का वागतं हे आधी समजून घ्यावं लागलं.

मांजर निशाचर असतं असं आपण म्हणतो, ते तितकंसं खरं नाही. मांजर सर्वांत तरतरीत असतं ते दोन वेळांना, दिवेलागणीला आणि झुंजूमुंजू व्हायच्या सुमारास. उंदीर, लहान पक्षी, किडे यांची हालचाल त्याच वेळी जास्त असते आणि शिकाऱ्याला लपायला पुरेसा अंधारही असतो. मांजराच्या डोळ्याला माणसाला लागतो त्याच्या साधारण सहाव्या हिश्श्याइतका उजेड पुरतो. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला आरशासारखा एक थर असतो, तो निसटलेला उजेड पुन्हा डोळ्यातल्या पडद्यावर फेकतो. टॉर्च मारल्यावर मांजराचे डोळे चमकतात ते या थरामुळेच. आपल्याला जो मिट्ट काळोख वाटतो त्यात तिला ओटा, वाटी आणि तुमची मिटलेली पापणी व्यवस्थित दिसत असते.

यात मांजराचा काही दोष नाही, उलट याच गुणासाठी माणसानं त्याला घरात घेतलं. आपल्या घरातल्या मांजरांचा पूर्वज म्हणजे आफ्रिका आणि पश्चिम आशियातलं रानमांजर, शास्त्रीय नाव फेलिस लायबिका. साधारण 10,000 वर्षांपूर्वी पश्चिम आशियात शेती सुरू झाली, धान्य साठू लागलं, धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे मांजर आलं. सायप्रस बेटावर सुमारे 9,500 वर्षांपूर्वीच्या एका कबरीत माणसाशेजारी पुरलेलं मांजर सापडलं आहे, इतकी ही सोबत जुनी. कुत्रा, बैल, घोडा यांना माणसानं आपल्या कामाला जुंपलं, पिढ्यानपिढ्या हवे तसे घडवले. मांजराच्या बाबतीत तशी गरजच पडली नाही, कारण कणगीतलं भात राखायचं तर पहाटे जागं असणारं जनावरच हवं. कोकणातल्या घरांत याच कामासाठी मांजर असायचं. ते भाताच्या कणगीवरून तिसऱ्या मजल्यावरच्या वन बीएचकेत आलं, पण त्याचं घड्याळ तेच राहिलं.

हे घड्याळ मात्र लवचीक असतं. मोठं मांजर दिवसाला 12 ते 16 तास झोपतं, तेही सलग नाही, तुकड्या-तुकड्यांनी. हे तुकडे कधी पडावेत ते बरंचसं आपल्या घरच्या दिनक्रमावर ठरतं. आमच्या घरात सकाळी आठनंतर सासूबाईंखेरीज कुणी नसायचं, त्याही दुपारी पडायच्या. चिंगी दिवसभर कपाटावर झोपायची. संध्याकाळी आम्ही दमून यायचो, तिला दोनदा थोपटायचो, जेवायचो, अकराला दिवे बंद. तिच्या दृष्टीनं पाहा: दिवसभराची झोप झालेली, अंगात शिकाऱ्याची सगळी ताकद तशीच पडून, आणि ज्यांची वाट पाहिली ती माणसं निजली. उन्हाळ्यात तर हे फारच वाढतं. मे महिन्यात दुपारी मांजर गार फरशीवर निपचित पडलेलं असतं आणि हवा जरा थंडावली की त्याचा दिवस सुरू होतो.

आता पोटाचं. चारेक किलोच्या मांजराला दिवसाला साधारण 200 ते 250 कॅलरी लागतात आणि एका उंदरातून जेमतेम 30 मिळतात. म्हणजे मोकळ्या मांजराला दिवसाकाठी सात-आठ उंदीर लागणार, आणि प्रत्येक झडप काही यशस्वी होत नाही. म्हणून त्याचं शरीर थोडं थोडं, बऱ्याच वेळा खाण्यासाठी बनलेलं आहे. आपण काय करतो? सकाळ-संध्याकाळ दोनदा वाडगा भरतो. संध्याकाळी सातला जेवलेल्या मांजराला पहाटे चारला भूक लागली तर ती खरी भूक असते. दूधपोळी किंवा दूधभातावर असलेल्या मांजरांची अवस्था आणखी वाईट. आपल्याकडच्या अनेक घरांत मायेनं हेच दिलं जातं, पण मांजर हा पूर्ण मांसाहारी प्राणी आहे. मांसातून मिळणारं टॉरिन हे पोषकद्रव्य मिळालं नाही तर त्याच्या डोळ्यांना आणि हृदयाला इजा होते. शिवाय बऱ्याच मोठ्या मांजरांना दूध पचतही नाही. घरात मांस-मासे शिजत नसतील तर मांजरांसाठी असलेलं तयार खाणं आणावं, पण दूधपोळीवर मांजर पाळू नये. इतकं स्पष्ट सांगणं मला गरजेचं वाटतं.

पुढचे उपाय करण्याआधी एक गोष्ट तपासायलाच हवी: मांजर आजारी तर नाही? दहा वर्षांपुढच्या मांजरानं अचानक रात्री मोठमोठ्यानं ओरडायला सुरुवात केली तर ती सवय समजू नका. म्हाताऱ्या मांजरांत थायरॉइड वाढतं. मग भरपूर खाऊनही मांजर वाळत जातं, अस्वस्थ फिरतं, ओरडतं. मूत्रपिंडाचा विकार, वाढलेला रक्तदाब, सांधेदुखी, कमी झालेलं ऐकू येणं किंवा दिसणं, म्हातारपणी होणारा विसराळूपणा, यांपैकी काहीही असू शकतं. कधी कधी असं मांजर काळोखात खोलीच्या मधोमध उभं राहून हाका मारतं, आणि आपण उलट हाक मारली की शांत होतं. त्याला आपण कुठं आहोत तेच कळत नसतं. अशा मांजरासाठी रात्री एक बारीक दिवा चालू ठेवावा, लिटरचा ट्रे (शी-शूसाठीचा) झोपायच्या जागेजवळ आणावा आणि डॉक्टरांकडून रक्त आणि रक्तदाब तपासून घ्यावा. आणि बोका जर पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये बसून कुंथत असेल, लघवी होत नसेल किंवा थेंब थेंबच होत असेल, तर सकाळची वाट पाहू नका. मूत्रमार्ग तुंबलेला बोका एक-दोन दिवसांत दगावू शकतो.

दुसरी तपासायची गोष्ट म्हणजे माज. पाच-सहा महिन्यांची, कधी त्याहूनही लहान मांजरी पहिल्यांदा माजावर येते आणि घरच्यांना वाटतं तिला कुठंतरी भयंकर दुखतंय. ती लोळते, अंग घासते, मागचा भाग उचलून धरते आणि रात्रभर आर्त ओरडते. हे साधारण आठवडाभर चालतं आणि बोक्याशी गाठ पडली नाही तर दोन-तीन आठवड्यांत पुन्हा सुरू होतं. थंड देशांत हिवाळ्यातल्या छोट्या दिवसांत हा क्रम थांबतो. आपल्याकडे हिवाळ्यातही दिवस तसा मोठाच असतो, त्यामुळे फारशी उसंत मिळत नाही. यावर उपाय एकच, नसबंदीचं ऑपरेशन. बोक्याचंही करावं. त्याच्या शरीरातले हार्मोन उतरायला काही आठवडे जातात, तेवढा धीर धरावा. रात्री मांजर रडलं की अशुभ, कुणाचं तरी बरंवाईट होणार, असं अजूनही म्हटलं जातं आणि त्यापायी बिचाऱ्या मुक्या जनावरावर दगड पडतात. ते रडणं नसतंच. जोडीदाराला मारलेली हाक असते, नाहीतर दोन बोक्यांची हद्दीवरून जुंपलेली असते.

चिंगीचं ऑपरेशन झालेलं होतं, तब्येत उत्तम होती. म्हणजे प्रश्न दिनक्रमाचा होता. तिची रात्र बदलायची तर संध्याकाळ बदलायला हवी होती.

मांजराच्या दिवसाला एक क्रम असतो: शिकार, मग खाणं, मग अंग चाटून स्वच्छ करणं, मग झोप. आपल्या घरात यातली शिकारच गळालेली असते. ती परत आणायची. मी परकराची एक जुनी नाडी घेतली आणि टोकाला कापडाची चिंधी बांधली. पहिले दोन दिवस मी ती तिच्या तोंडापुढे नाचवली, तिनं ढुंकून पाहिलं नाही. मग लक्षात आलं की कुठलाही उंदीर मांजराकडे चालत येत नाही. मी चिंधी तिच्यापासून दूर, भिंतीच्या कडेकडेनं नेली, मध्येच थांबवली, नुसतं टोक थरथरवलं, आणि दाराच्या चौकटीआड नाहीशी केली. चिंगीचं पोट जमिनीला टेकलं, बुबुळं मोठी झाली, मागचे पाय जागच्या जागी हलायला लागले, आणि तिनं अशी झडप घातली की पायपुसणं दोन हात सरकलं. दर तीन-चार झडपांमागे एकदा चिंधी तिच्या हाती लागू द्यायची, चावू द्यायची. दहा-पंधरा मिनिटांनी वेग हळूहळू कमी करायचा, शिकार दमत चालल्यासारखा. शेवटची पकड झाली की लगेच दिवसाचं सर्वांत मोठं जेवण. जेवून ती पंजे चाटत बसायची, मग कान, मग पोट, आणि पंधरा मिनिटांत गाढ. हे सगळं आम्ही झोपायच्या वेळेच्या अर्धा-पाऊण तास आधी. खेळ झाला की नाडी कपाटात ठेवायची, कारण मांजरानं दोरा, नाडी किंवा रबर गिळलं तर ते आतड्यात अडकतं आणि पोट फाडून काढावं लागतं. लेझरचा ठिपका वापरत असाल तर शेवटी तो एखाद्या खाऊवर नेऊन थांबवा. जे कधीच हाती लागत नाही त्याच्या मागे धावून मांजर नुसतं चिडचिडं होतं.

खाणं वाढवायचं नाही, वाटून द्यायचं. दिवसाचा शिधा सकाळीच मोजून एका डब्यात काढावा आणि त्यातूनच चार-पाच वेळा द्यावं. थोडे दाणे घरात दोन-चार ठिकाणी लपवले, किंवा भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात टाकले, तर दुपारची झोपही थोडी मोडते आणि डोकं कामाला लागतं.

आता सर्वांत अवघड भाग. चिंगीची वाटी पडली की आमच्या सासूबाई उठायच्या. "अगं, तू झोप, तुला गाडी गाठायचीय, मी बघते तिच्याकडे," असं म्हणून दुधात बुडवलेलं अर्धं बिस्कीट तिला घालायच्या. चिंगी गप्प व्हायची, घर पुन्हा झोपायचं. माझ्या झोपेपोटी त्या स्वतःची झोप मोडत होत्या. पण चिंगी यातून शिकली ती एकच गोष्ट: वाटी पडली की बिस्कीट येतं. मी कधीतरी उठून तिला रागावायचे, त्यातूनही ती तेच शिकत होती, की वाटी पाडली की माणूस उठतो. एकट्या जनावराला रागावलेलं माणूससुद्धा चालतं.

त्यात आम्ही मध्येच निग्रह करायचो. चार दिवस कुणी उठायचं नाही, पाचव्या दिवशी असह्य होऊन कुणीतरी उठायचं. याहून वाईट दुसरं काही करता आलं नसतं. बी. एफ. स्किनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं विसाव्या शतकात कबुतरं आणि उंदरांवर प्रयोग करून हे दाखवून दिलं होतं. दर वेळी दाणा मिळत असेल आणि तो बंद झाला, तर जनावर प्रयत्न तुलनेनं लवकर सोडतं. पण कधी मिळतो, कधी नाही, असं असेल तर ते चिकाटीनं प्रयत्न करत राहतं. लॉटरीचं तिकीट घेणारा माणूस वीस वेळा हरूनही एकविसावं घेतो ते याच कारणानं. चार दिवस दुर्लक्ष करून पाचव्या दिवशी उठणं म्हणजे मांजराला पाच दिवसांची चिकाटी शिकवणं.

म्हणून उठायचं नाही म्हणजे खरोखरच नाही. कूस बदलायची नाही, "शुक शुक" नाही, "गप गं" नाही. आणि हे करताना त्रास आधी वाढतो, हे प्रत्येकानं पक्कं लक्षात ठेवावं. घरात माणूस आहे हे ज्याला ठाऊक आहे तो पाहुणा बेल वाजवून लगेच परत जातो का? आधी बेल वाजवतो, मग लांब बेल वाजवतो, मग कडी, मग नावानं हाका, आणि सगळं करून झाल्यावरच जिना उतरतो. चिंगीनं तिसऱ्या-चौथ्या रात्री वाटीवर न थांबता डब्यांची उतरंड पाडली, दार ओरबाडलं, अर्धा तास ओरडली. बहुतेक घरं इथं हार मानतात, आणि तिथून मागे फिरलं की ती पातळी हीच नवी सवय होते. आम्ही ओटा रोज रात्री मोकळा करून झोपलो, कानात कापूस घातला, खालच्या काकूंना आधीच सांगून ठेवलं. नवव्या रात्री ती चारला आली, उशाशी बसली, आणि थोड्या वेळानं पायाशी जाऊन झोपली.

सासूबाईंना मात्र मला समजवावं लागलं, आणि नुसतं सांगून ते होण्यासारखं नव्हतं. जनावर भुकेनं ओरडतंय आणि आपण पडून राहायचं, हे त्यांच्या जिवाला सहन होईना. मग मी म्हटलं, "आई, रात्री खेळून झाल्यावरचं तिचं जेवण तुम्हीच द्या, तुमच्या हातचंच ती खाते." मग सासूबाई रोज रात्री दहा वाजता स्वतः उकडलेल्या कोंबडीचे तुकडे मोडून तिच्यापुढे ठेवायला लागल्या. पोट भरलंय हे स्वतः पाहिल्यावर पहाटेचं ओरडणं त्यांनाही सोसवलं. घरातलं एक माणूस जरी फुटलं तरी सगळं फुकट जातं, म्हणून त्या माणसाच्या मायेला दुसरी वेळ काढून देणं फार महत्त्वाचं.

पहाटेची भूक तरीही राहत असेल तर वेळ लावून ठेवायचा फीडर आणावा, सेलवर चालणारा साधासुद्धा पुरतो. त्याचा खरा उपयोग असा की खाणं माणसाकडून येत नाही, डब्यातून येतं. मांजर मग डब्याशी जाऊन बसतं. आधी ते उठतं त्या वेळेच्या थोडं अगोदरची वेळ लावावी, आणि दर तीन-चार दिवसांनी दहा-पंधरा मिनिटं पुढे ढकलत साडेसहापर्यंत आणावी. फीडर नको असेल तर निदान एवढं करा: उठल्या उठल्या मांजराला खायला देऊ नका. आधी दात घासा, चहा टाका, पेपर घ्या, आणि मग वाडगा. तुमचं डोळे उघडणं आणि तिचं जेवण यांची गाठ सुटली की तुमचे डोळे उघडायची तिला घाई उरत नाही.

पाणी मारणं, फटका देणं, रात्रभर न्हाणीघरात कोंडणं, यानं मांजर तुम्हाला भ्यायला लागतं आणि घाबरलेलं मांजर गादीवर लघवी करायला लागतं. आणि माणसाची झोपेची किंवा दुखण्याची गोळी कधीही देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते.

खिडक्यांना जाळी हवीच. पहाटे ट्यूबलाइटपाशी चिकटलेली पाल किंवा एसीच्या खोक्यावरचं कबुतर पाहून मांजर आपण कितव्या मजल्यावर आहोत ते विसरतं, आणि उंचावरून पडलेलं मांजर दर वेळी सुखरूप उतरतं हा गैरसमज आहे. जाळी लावली की तीच खिडकी उपयोगी पडते. आमच्या खिडकीशी एक स्टूल ठेवलं आहे. साडेपाचला समोरच्या गुलमोहरावर कोकीळ ओरडायला लागला की चिंगी तिथं जाऊन बसते, शेपटीचं टोक हलवत, आणि आम्हाला विसरते. दुसरं मांजर आणावं का, असं बरेच जण विचारतात. लहान, दांडगट पिल्लू असेल तर सोबत्याचा उपयोग होतो. पण फक्त झोपेसाठी म्हणून आणू नये. पटलं नाही तर रात्री दोघांच्या मारामाऱ्या बघाव्या लागतात.

गेल्या गणपतीत नागपूरहून मामेसासरे आले होते. हॉलमध्ये झोपायचे, पहाटे उठायचे, आणि चिंगी पायात घोटाळली की पिशवीतल्या डब्यातून तिला शेव घालायचे. चार दिवसांत वाटी पुन्हा पडली. ते गेल्यावर आम्हाला नऊ-दहा रात्री पुन्हा तेच सगळं करावं लागलं, पण या वेळी आम्हाला क्रम माहीत होता. आता पाहुणे आले की अंथरूण घालतानाच सासूबाई सांगतात, "पहाटे ही आली तर झोपल्यासारखं पडून राहायचं बरं का. काही घालायचं नाही."